गार्गीला घाई आहे

नाशिकला राहून मी कुमारांसाठी अंतराळकथा लिहिते. गार्गी सोळा वर्षांची, उतावळी. तिचे गुरू अण्णा, मुरलेले यानचालक. लिहिताना आणि आमच्या कॉलनीतल्या मुलांना प्रकरणं वाचून दाखवताना उमगलेलं थोडं सांगते.

१. उतावळ्या शिष्याला धडा विज्ञानानंच द्यावा. कक्षेत पुढं असलेलं यान गाठायला वेग वाढवावा, असं कुणालाही वाटेल. पण वेग वाढवला की कक्षा उंचावते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि आपण मागं पडतो. गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ च्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायची धडपड केली. इंधन जळलं, टप्पा हाती लागला नाही. त्याच डिसेंबरात जेमिनी ६ नीट हिशेब करून जेमिनी ७ पासून फूटभर अंतरावर पोचलं. गार्गीही इंजिन पेटवते आणि समोरचं यान लांब जातं. इथं एका मुलानं मला थांबवलं. "ताई, म्हणजे ब्रेक दाबला की पुढं?" मग वहीच्या मागच्या पानावर वर्तुळं निघाली, ती पटेपर्यंत कुणी पुढचं वाचू देईना. असं पान लिहायला मिळावं म्हणूनच मी हा प्रकार निवडला.

२. गुरूच्या तोंडी घाटातल्या पाट्या नकोत. 'अति घाई संकटात नेई' हे कसाऱ्यातून जाणाऱ्या प्रत्येकानं वाचलंय. अण्णा हातमोज्याचा सांधा पुन्हा पुन्हा तपासतात. बोलत नाहीत.

३. माघारीतही थरार असतो. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह १२ जानेवारी २०२५ ला एकमेकांपासून ३ मीटरवर आले होते. तिथून त्यांना मुद्दाम मागं नेलं, मिळालेली माहिती तपासली आणि १६ तारखेला जोडणी साधली. तीन मीटरवरून मागं फिरायला केवढी छाती लागते! गार्गीचा सगळ्यात कठीण प्रसंग मी यावरूनच रचला.

४. अंतर कामाला लावावं. मंगळापर्यंत संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. अण्णांचं 'थांब' पोचेपर्यंत गार्गीचा निर्णय झालेला असतो.

५. शिष्याला बरोबरीचं होऊ द्यावं. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. केंब्रिजला त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल, स्वतः विज्ञानकथा लिहिणारे. १९६४ मध्ये दोघांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हॉइल-नारळीकर या जोडनावानं ओळखला जातो. तेव्हा नारळीकर पंचविशीत होते. म्हणून पुढच्या भागात अण्णांच्या मार्गातली चूक गार्गी आकडेमोड करून दाखवते, आणि यान तिच्या मार्गानं जातं.