बहुभाषिकता आणि आपल्या मुलांचे शिक्षण

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तिन्ही शहरे एका रेल्वे मार्गावर वसलेली असली तरी त्यांची बोली एक नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नामकरण उल्हासनगर असे झाले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कामगार वसाहतीत राहावयास आले. बदलापूरच्या आसपासच्या वाड्यांतून कातकरी व ठाकर बांधवांच्या स्वतंत्र बोली आहेत. आपला समाजही घाटावरून, कोकणातून, मराठवाडा-विदर्भातून येथे आला तो आपापली बोली घेऊनच. म्हणजे आपल्या वस्तीतील मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच तीन-चार भाषा कानाने ओळखत असते. शाळा मात्र त्याला सांगते, हे सर्व बाहेर ठेवून आत ये. शिक्षणातील पहिले नुकसान येथेच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या समाजाला हे नुकसान चांगलेच ठाऊक आहे. आजी 'पानी' म्हणते म्हणून नातू वर्गात 'पानी' म्हणतो आणि वर्ग हसतो. त्या हसण्यात केवळ व्याकरण नसते, त्यात जातही असते. विद्यार्थी मित्रांनो, पालीत या शब्दाचे रूप 'पानीय' असे आहे, तेथे न आहे. हिंदीत 'पानी' आहे, सिंधीत मराठीप्रमाणेच 'पाणी' आहे. मग आजीचा 'पानी' तेवढा अडाणी कसा ठरला? परीक्षेत 'पाणी' असेच लिहावे, कारण प्रमाण मराठीचा तो संकेत आहे. तो संकेत जरूर शिकावा. परंतु शिक्षकाने घरचा शब्द चूक म्हणून खोडण्याऐवजी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर मूल एका तासात दोन गोष्टी शिकेल आणि त्याची मान खाली जाणार नाही.

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी हाताळला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा आहे. जन्माने ब्राह्मण असलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली की, नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवतात, तरी ते छंदस् भाषेत बसविण्याची अनुज्ञा असावी. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. ही 'स्वतःची बोली' म्हणजे शिकणाऱ्याची की भगवंतांची मागधी, यावर आचार्यांत मतभेद आहेत. आम्हांस पहिला अर्थ कथेला धरून वाटतो. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्त (क्र. १३९) तर आपल्या शहरांसाठीच सांगितले असावे असे वाटते. एकाच भांड्याला कोठे पाति म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे पोण. आपल्याच प्रांताचा शब्द खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरू नये, असा त्याचा आशय आहे. सम्राट अशोकानेही तेच केले. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे सापडलेला त्याचा लेख प्राकृतात आहे, तर अफगाणिस्तानातील कंदाहारचा लेख ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत कोरलेला आहे. जेथे जी भाषा चालते तेथे ती.

परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या बळावर शिकले. प्रबंध त्यांनी इंग्रजीत लिहिले. पण ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो मराठीत, कारण ज्यांच्यासाठी काढला ते मराठी बोलत होते. त्यांच्या लेखन आणि भाषणे मालिकेचा १६ वा खंड १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पालीचे व्याकरण आहेच, शिवाय पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदीत देणारा कोशही आहे. एका भाषेच्या आधाराने दुसरी शिकवावी ही पद्धत त्यांनी पानापानावर राबविलेली दिसते.

आता इंग्रजी माध्यमाविषयी. आपल्या मुलांनी उत्तम इंग्रजी शिकलेच पाहिजे, याबाबत आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु घरीही इंग्रजीच बोला, असे काही शाळा पालकांना बजावतात, तेव्हा अनर्थ होतो. जी माऊली मराठीत मुलाला गोष्ट सांगेल, त्याच्याशी वाद घालील, बाबासाहेबांचे चरित्र समजावील, ती इंग्रजीत 'कम, ईट, स्टडी' एवढ्यावर थांबते. मुलाला इंग्रजी मिळत नाही आणि आईही निम्मी मिळते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पील आणि लॅम्बर्ट यांनी १९६२ साली दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा पक्क्या येणारी मुले बुद्धीच्या चाचण्यांत एकभाषी मुलांच्या पुढे होती. यातील 'दोन्ही पक्क्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोन्ही अर्धवट असतील तर हा लाभ गृहीत धरता येत नाही. पुढे जिम कमिन्स या अभ्यासकाने मांडले की वाचनाची, विचाराची, युक्तिवादाची जी ताकद एका भाषेत येते ती दुसरीत उतरते. ज्याला मराठीत उताऱ्याचा सारांश सांगता येतो त्याला इंग्रजीत फक्त शब्द शिकावे लागतात, सारांश काढणे नव्हे.

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासनाचा निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतला गेला. त्यावेळी भाषा दोन की तीन यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या मते आकड्यापेक्षा, पहिली भाषा रुजली की नाही हे आधी पाहावयास हवे होते.

शेजारच्या सिंधी समाजाकडे पाहावे. १९६७ साली सिंधीला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. तरीही आज कॅम्पातील कित्येक घरांत आजोबा सिंधी बोलतात आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आजोबांच्या अरबी वळणाच्या लिपीतले पत्र त्याला वाचता येत नाही. व्यवहारात त्यांचे काही अडले नाही, पण घरातला दुवा तुटला. मराठी आणि पाली या दोन्हींना ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. दर्जा मिळाला म्हणून भाषा घरात टिकते असे मात्र नाही.

शिकविण्याची रीत सोपी आहे. नवा शब्द जुन्या शब्दाशेजारी ठेवावा. सारखे काय आणि वेगळे काय, हे मुलांनाच शोधू द्यावे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे. बँकेच्या काउंटरवर आम्ही "खाली सही करा" म्हटले की हिंदी भाषिक खातेदार रिकामी जागा शोधतो. नशिबाने ती बहुधा खालीच असते! घर हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. सिंधीत आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही, म्हणून तो सिंधी मित्र 'माझा घर' म्हणतो. त्याला हसण्याऐवजी हे कारण सांगावे.

आपल्या विहारातील रविवारच्या वर्गात मुले पाली वंदना मुखोद्गत म्हणतात, अर्थ मात्र थोड्यांनाच येतो. तेथे पुढील उपक्रम करून पाहावा. वहीत चार रकाने आखावेत: पाली, मराठी, हिंदी, सिंधी. हत्थ, हात, हाथ, हथु. कण्ण, कान, कान, कनु. सत्त, सात, सात, सत. अट्ठ, आठ, आठ, अठ. 'अक्खि'पाशी मुले थबकतील, कारण हिंदीत आँख, सिंधीत अखि, आणि मराठीत एकदम डोळा! त्यानंतर 'खीर' घ्यावा. सिंधी शेजारीण दुधाला 'खीरु' म्हणते याचे आपल्या मुलांना हसू येते. पण पालीतही खीर म्हणजे दूधच. आपण सुजातेच्या ज्या खिरीची गोष्ट सांगतो तिला पालीत 'पायास' म्हणतात. ज्यांच्या घरी कातकरी, तेलुगू वा तमिळ बोलणारे शेजारी आहेत त्यांनी पाचवा रकाना वाढवावा. सिंधीचा रकाना मात्र तरुण मित्राला विचारून भरू नये, तो हिंदी शब्द सांगण्याचा संभव आहे. त्याच्या आजीकडे जावे.