दोन चित्रपट, एक तबकडी

दोन निरनिराळ्या डीव्हीडींवरील चित्रपट एका द्विस्तरी तबकडीवर एकत्र आणतां येतील काय, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदां विचारतात. येतील, परंतु त्यापूर्वीं माप घ्यावें लागतें, आणि नंतर मांडणी नव्यानें करावी लागते.

उदाहरणादाखल आपण दोन मराठी चित्रपट घेऊं. पहिला, दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६). १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. दुसरा, आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’. राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच समारंभांत, १९५४ सालीं, त्यास सुवर्णपदक मिळालें. मूळ ग्रंथाचे कर्ते साने गुरुजी अमळनेरास शिक्षक होते, म्हणून खानदेशास हा चित्रपट घरचाच वाटतो.

प्रथम ‘इमेज’ या शब्दाचा अर्थ पाहूं. तबकडीवरील सर्व मजकूर, त्याच्या क्रमासह व नांवांसह, जसाच्या तसा एका फाइलींत उतरवून घेतला म्हणजे ती त्या तबकडीची इमेज होय. आपल्यापाशीं अशा दोन इमेज आहेत असें समजा.

आतां माप. एकेरी थराच्या तबकडींत ४.७ अब्ज बाइट मावतात. मग दोन थरांत ९.४ अब्ज मावतील, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण तें खरें नाहीं. द्विस्तरी तबकडींत ८.५४ अब्जच मावतात. दुसरा थर पहिल्यातून आरपार वाचावा लागतो. तें वाचन बिनचूक व्हावें म्हणून त्यावरील खुणा किंचित लांब ठेवलेल्या असतात, आणि त्यामुळें प्रत्येक थरांत ४.२७ अब्जच बसतात. अर्थात् पूर्ण भरलेल्या दोन तबकड्या एकींत मावणार नाहींत.

आपले चित्रपट अनुक्रमें सुमारें सवादोन व अडीच तासांचे, म्हणजे एकूण सुमारें १७,१०० सेकंदांचे आहेत. एका बाइटाचे ८ बिट होतात. त्याप्रमाणें हिशेब केला असतां चित्र व ध्वनि मिळून दर सेकंदास सुमारें ४० लाख बिट वांट्यास येतात. डीव्हीडीची परम मर्यादा सुमारें १ कोटीची असली, तरी एवढ्यांत चित्र समाधानकारक दिसतें. इमेज याहून मोठ्या असल्यास त्यांतील चित्र पुन्हां आंवळून लहान करावें लागतें, आणि त्यांत थोडी स्पष्टता जाते.

यानंतर मांडणी. दोन पोथ्या एकाच बांधणींत शिवल्या, तरी दोहोंचीं पानें एकपासूनच सुरू होतात. येथेंही तसेंच आहे. प्रत्येक इमेजमध्यें ‘व्हिडिओ टीएस’ नांवाचा कप्पा असतो. त्यांत एक मुख्य सूची व ०१ पासून क्रमांक दिलेले चित्रपटाचे संच असतात. दोन्ही कप्प्यांतील फाइलींचीं नांवें तींच असल्यामुळें एकावर दुसरा उतरविला तर पहिला पुसला जाईल. नुसतीं नांवें बदलूनही भागत नाहीं; कारण कोणता संच तबकडीवर कोठें सुरू होतो हें मुख्य सूचींत लिहिलेलें असतें. म्हणून डीव्हीडी रचण्याच्या प्रणालींत दोन्ही इमेज उघडून, एकास ०१ व दुसऱ्यास ०२ क्रमांक देऊन, नवी सूची व निवडीचें नवें पान तयार करावें. असे ९९ संच एका तबकडीवर राहूं शकतात.

थर बदलतांना यंत्राचें भिंग क्षणभर नव्यानें स्थिर व्हावें लागतें, आणि चित्र किंचित थबकतें. हा सांधा दोन चित्रपटांच्या मध्यें आला तर तें जाणवणार नाहीं. पहिल्या थरावरील मजकूर दुसऱ्याहून कमी असूं नये असा नियम आहे. म्हणून मोठी इमेज आधीं ठेवावी. मात्र ती ४.२७ अब्जांहून मोठी असेल, तर सांधा तिच्या पोटांतच येईल. अशा वेळीं तो दृश्य बदलतें त्या ठिकाणीं ठेवावा.

कायद्याकडेही लक्ष द्यावें. भारतांत १९५७ च्या कायद्यान्वयें चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो. वरील दोन्ही चित्रपटांची ती मुदत संपली आहे. नव्या चित्रपटांची नाहीं. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ विनापरवाना उतरवून घेणें विद्यार्थ्यास शोभत नाहीं.

तबकडी तयार झाली म्हणजे ती मूळ इमेजशीं ताडून पाहावी, आणि एकदां आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. त्यानंतरही मूळ इमेज पुसूं नयेत. दोन चित्रपट एका जागीं आले म्हणजे एकाच ओरखड्यानें दोन्हीही जाऊं शकतात. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. ज्यांची दुसरी प्रत कोठें नसेल, तीं चित्रें पुन्हां मिळणें नाहीं. जागा वांचविणें चांगलें. परंतु दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं जपून ठेवणें त्याहून अधिक चांगलें.