भरती-ओहोटीची संख्या

आमची शाळा मालवणच्या किनाऱ्याजवळ आहे. एकदा मी फळ्यावर एक संख्या लिहिली :

12345678987654321

"सर, एवढी मोठी संख्या! आम्हांला नाही जमणार," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"आधी नीट पाहा तरी," मी म्हणालो.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "सर, अंक 1 पासून 9 पर्यंत चढतात आणि पुन्हा 1 पर्यंत उतरतात. अगदी भरती-ओहोटीसारखे!"

तिचे म्हणणे बरोबर होते. मुलांनो, उर्दू आपण उजवीकडून वाचतो, मराठी डावीकडून. ही संख्या कोणत्याही बाजूने वाचा, तीच राहते!

ती कशी तयार होते, ते पाहा :

11 × 11 = 121
111 × 111 = 12321
1111 × 1111 = 1234321

असेच नऊ वेळा 1 लिहून त्या संख्येचा वर्ग केला, की आपली संख्या मिळते. दहा वेळा 1 लिहिले तर मात्र मधल्या बेरजेत हातचा येतो आणि अंकांची ही रांग मोडते.

अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. त्यांचा जन्म 1905 साली डहाणू येथे झाला. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिक्षक होते. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले.

त्यांनी आणखी एक प्रकार सांगितला. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती 'हर्षद संख्या', म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ 12 : अंकांची बेरीज 3, आणि 12 ÷ 3 = 4.

"मग आपली संख्या हर्षद आहे का?" मी विचारले.

अंकांची बेरीज 81 आली. साध्या गणकयंत्रावर 17 अंक मावेनात. तेव्हा त्याच मुलीने खडू घेतला. 81 म्हणजे 9 × 9, म्हणून तिने दोनदा 9 ने भागले. पहाडे म्हणा की पाढे, तेच कामी आले! आधी 1371742109739369 आणि मग 152415789971041 हे उत्तर मिळाले. बाकी शून्य! डेम्लो संख्या हर्षदही निघाली.

कापरेकरांचे काम अनेकांना क्षुल्लक वाटे. तरीही ते आकडेमोड करीत राहिले. त्यांनी 1949 साली मांडलेली 6174 ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. 1986 साली त्यांचे निधन झाले.

तास संपला, तरी ती मुलगी फळा पुसू देईना.

शब्दार्थ
निःशेष – बाकी न उरता
क्षुल्लक – किरकोळ, महत्त्व नसलेले

स्वाध्याय
1. मुलीला ही संख्या भरती-ओहोटीसारखी का वाटली?
2. 121 आणि 12321 यांपैकी हर्षद संख्या कोणती? भागाकार करून दाखवा.