आइस्क्रीममधली गवार

प्रश्न : आषाढी एकादशीला नातवाने आइस्क्रीम आणलं. दूध-साखरच तर आहे, म्हणून वाटीभर खाल्लं. मग त्यानेच डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली : ‘स्टॅबिलायझर (४१२, ४१०)’. म्हणतो, ४१२ म्हणजे गवार! माझी थट्टा करतोय का?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, नातू खरं बोलतोय. पण ही भाजीतली कोवळी शेंग नव्हे. शेंग झाडावरच जून होऊन वाळली की बी टणक होतं. ते भरडून साल आणि अंकुर बाजूला काढले की काचेसारखा अर्धपारदर्शक थर उरतो. ही अंकुराची शिदोरी. ती दळली की झाला गवार गम. उरलेली चुरी गुरांच्या खाद्यात जाते. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानच्या कोरडवाहू रानांत. तेलविहिरी खोदणाऱ्यांनाही हीच पिठी लागते. अमेरिकेतून मागणी वाढली म्हणून २०१२ साली गवारीचे भाव आभाळाला भिडले होते.

आइस्क्रीममध्ये तिचं काम पाणी धरून ठेवण्याचं. फ्रीजचं दार उघडलं किंवा वीज गेली की बर्फाचे बारीक कण विरघळतात, आणि पुन्हा गोठताना मोठ्या कणांना जाऊन चिकटतात. मग आइस्क्रीम जिभेला कचकचीत लागतं. गवारीच्या साखर-साखळ्या न गोठलेला पाक दाट करतात, त्यामुळे कण सावकाश वाढतात. थांबत मात्र नाहीत. किलोभर मिश्रणाला दोनेक ग्रॅम पिठी पुरते. घरी करून बघायचं तर आधी साखरेत मिसळा. नुसती पाण्यात टाकलीत तर अशा गुठळ्या होतील की रवी घुसळून हात दुखतील.

४१० म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाचं बी. आधी त्याचाच दबदबा होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत त्याची आवक अडली आणि गवारीला दार उघडलं.

गम म्हणजे डिंकच, पण लाडवातला डिंक या दोन्हींहून वेगळा. तो बियांतून नव्हे, खोडाच्या जखमेतून पाझरतो. तो पाण्याला फारसा दाट करत नाही, पण तेल-पाण्याचं भांडण मात्र मिटवतो. त्यातलं थोडंसं प्रथिन तेलाच्या थेंबाला चिकटतं, साखर-साखळ्या पाण्यात पसरतात आणि थेंब एकमेकांना भेटत नाहीत. संत्र्याच्या सरबतात वर तेल तरंगू नये म्हणून सुदानकडचा अरबी डिंक वापरतात. अमेरिकेने १९९७ साली सुदानवर व्यापारबंदी घातली, तरी डिंकाला तेवढी वाट ठेवली. शीतपेयवाल्यांचं त्याच्यावाचून अडलं असतं.

आपल्या धावड्याच्या डिंकालाही असाच आकडा आहे, ४१९. खारीक-खोबऱ्याचे डिंकलाडू कित्येक घरांत उपवासाला खातात. तेव्हा ४१९ चालतो आणि ४१२ का नाही, हे नातवाला कसं समजावायचं ते तुम्हीच ठरवा.