गोड्या पाण्यांतील शार्क

गेल्या दिवाळीच्या सुटींत मालवणास आत्याकडे असतां, तिनें सकाळीं आणलेली मोरी दुपारपर्यंत तशीच राहिली आणि तिला अमोनियाचा उग्र दर्प येऊं लागला. बांगड्यास असा वास कां येत नाहीं, असें मीं विचारलें. मोरीचें रक्तच तसें असतें, एवढेंच आत्या म्हणाली. या उत्तराचा माग काढण्यांत माझें सबंध दुसरें सत्र गेलें.

प्रथम बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घेऊन एक मिठाच्या व दुसरी साध्या पाण्यांत ठेविली. (पहिल्या खेपेस त्या न पुसतांच तोलल्यामुळें माझे आंकडे साफ चुकले.) मिठाच्या पाण्यांतील चकती मऊ व हलकी झाली, दुसरी ताठ व जड. पातळ पडद्यांतून पाणी अधिक क्षारयुक्त बाजूकडे झिरपतें. बांगड्याचें रक्त समुद्राहून पुष्कळ कमी खारट असल्यानें त्याच्या अंगांतील पाणी सारखें बाहेर ओढलें जातें. म्हणून तो समुद्राचें पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटें टाकतो. शार्काची रीत निराळी. आपण जो यूरिया टाकून देतों, तो हा रक्तांत सांठवितो. १८५८ मध्यें स्टेडेलर व फ्रेरिख्स यांनीं हें दाखविलें. त्यामुळें त्याचें रक्त समुद्राहून किंचित् तीव्र राहतें व पाणी आपोआप आंत येतें. इतक्या यूरियानें प्रथिनें बिघडावयाचीं. त्यावर उतारा म्हणून ट्रायमेथिलामाईन ऑक्साईड हें द्रव्यहि तो बाळगतो. मासा मेल्यावर जंतु त्या यूरियाचा अमोनिया करतात. आत्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें!

परंतु असा प्राणी नदींत शिरला तर? पाणी आंत घुसून तो फुगून मरावा. बहुतेक शार्क त्या वाटेस जात नाहींत. ‘बुल शार्क’ मात्र जातो. निकाराग्वाच्या गोड्या सरोवरांतील या माशास १८७७ मध्यें गिल व ब्रॅन्सफर्ड यांनीं स्वतंत्र जात मानलें, आणि तो तेथेंच कोंडला गेला असावा असें पुष्कळांस वाटे. १९६० नंतरच्या दशकांत थॉमस थॉर्सन यांनीं शार्कांस खुणेचे बिल्ले अडकवून सोडलें. सरोवरांत खूण केलेले समुद्राकडे सांपडले, समुद्राकडचे सरोवरांत! मध्यें सान हुआन नदीचा सुमारें १९० किलोमीटरांचा प्रवाह, तोहि ठिकठिकाणीं खळाळता.

या प्रवासांत शरीराचा सारा हिशेब पालटतो. समुद्राच्या पाण्याची तीव्रता १,००० धरली, तर नदींत शार्काचें रक्त ६५० च्या आसपास उतरतें. यूरिया जवळजवळ निम्म्यावर येतो, मीठ बाहेर टाकणारी गुदाजवळची ग्रंथि मंदावते, आणि मूत्रपिंडें पातळ मूत्र सारखें टाकूं लागतात. तरीहि ६५० म्हणजे नदीच्या पाण्याहून कितीतरी अधिक. तेवढी तफावत त्यास क्षणोक्षणीं राखावी लागते.

हा प्रवास त्यास साधला, पण नदीच्या मुखाशीं जाळीं लागलीं. परांसाठीं व मांसासाठीं झालेल्या बेसुमार मासेमारीनंतर त्या सरोवरांत तो आतां क्वचितच दिसतो.