औषधाला रूप देणारें शास्त्र

औषध म्हटलें कीं गोळी, पुडी किंवा बाटली आपल्या डोळ्यांपुढें येते. परंतु रोगावर गुणकारी असें द्रव्य सांपडलें, एवढ्यानेंच औषध तयार झालें असें होत नाहीं. तें द्रव्य रोग्याच्या शरीरांत योग्य ठिकाणीं, योग्य प्रमाणांत आणि न बिघडतां पोंचलें पाहिजे. त्याला चूर्ण, गोळी, मलम अथवा टोंचावयाचें द्रावण यांपैकीं कोणतें रूप द्यावें, त्यांत आणखी काय मिसळावें व तें किती काळ टिकेल, याचा विचार करणें हें औषधनिर्माणशास्त्राचें मुख्य कार्य होय. त्याचें महत्त्व ज्यावरून सहज पटेल, असें एक उदाहरण आपल्या पेठ तालुक्याला फार जवळचें आहे. तें म्हणजे सर्पविषावरील औषध.

आपल्याकडे पावसाळ्यांत भात व नागली यांच्या लावणीसाठीं माणसें दिवसभर शेतांत राबतात, आणि सापही त्याच दिवसांत बिळांतून बाहेर पडतात. माणसाच्या प्राणावर बेतणारे आपल्याकडील प्रमुख साप चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. पहिल्या दोहोंचें विष मज्जातंतूंवर परिणाम करून श्वास बंद पाडतें. दुसऱ्या दोहोंच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नाहींशी होऊन रक्तस्राव होतो.

या विषावर उतारा करण्याचा मार्ग १८९४ सालीं पॅरिस येथें आल्बेर काल्मेत व इतर शास्त्रज्ञांनीं दाखविला. घोड्याला विष अगदीं अल्प मात्रेपासून क्रमाक्रमानें टोंचीत गेलें, तर त्याच्या रक्तांत विषाला निष्प्रभ करणारीं प्रथिनें तयार होतात. तीं वेगळीं काढून माणसास देतां येतात. मात्र एका सापाच्या विषावर तयार केलेलें औषध दुसऱ्या जातीच्या सापावर चालेलच असें नाहीं. म्हणून भारतांत वरील चारही विषें टोंचून एकच संयुक्त औषध करितात. मुंबईस परळ येथील ज्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें, त्या संस्थेनें या कामीं आपल्या प्रांताची मोठी सेवा केली आहे.

येथवर गुणकारी द्रव्य हातीं आलें. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. हें द्रव्य प्रथिन आहे. तोंडानें दिलें तर जठरांत तें अन्नासारखें पचून जाईल. म्हणून तें शिरेंतूनच द्यावें लागतें. शिवाय अंड्याचा पांढरा बलक तापवला असतां घट्ट होतो व पुन्हां पूर्ववत् होत नाहीं, त्याप्रमाणें उष्णतेनें प्रथिनाचा गुण कायमचा नष्ट होतो. पातळ रूपांतील औषध २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत ठेवावें लागतें. घाटापलीकडच्या गांवीं, भर पावसांत वीज गेली असतां तो थंडावा कोठून आणावा?

या प्रश्नाचें उत्तर शास्त्रानें कापरासारख्या साध्या वस्तूंत दिसणाऱ्या गुणावरून दिलें. कापूर उघडा ठेवला तर तो न वितळतां परस्पर हवेंत उडून जातो. बर्फालाही तसेंच उडून जावयास लावतां येतें. औषध लहान कुप्यांत भरून शून्याखालीं सुमारे ४० अंशांपर्यंत गोठवितात. मग यंत्रानें भोंवतालची हवा काढून घेतात व अगदीं बेताची ऊब देतात. तेव्हां बर्फाचें पाणी न होतां त्याची थेट वाफ होते, आणि मागें पांढरी, सच्छिद्र, कोरडी वडी उरते. पाणी गेल्यामुळें प्रथिन सहसा बिघडत नाहीं. सुकतांना त्याला इजा होऊं नये म्हणून ग्लायसीनसारखें द्रव्य आधींच मिसळतात. अशी कुपी शीतपेटीवांचूनही, ऊन लागूं न देतां ठेवल्यास, सामान्यतः पांच वर्षें टिकते.

रुग्णालयांत तींत १० मिलिलिटर शुद्ध पाणी घालून ती हलकेच फिरवितात. जोरानें हलविल्यास फेंस येऊन औषध वायां जातें. एका कुपीनें घोणसाचें सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतें, आणि घोणस एका दंशांत सरासरीनें ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. आरंभींच आठ-दहा कुप्या कां द्याव्या लागतात, हें या हिशेबावरून ध्यानांत येईल.

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रज्ञांनीं औषध आपल्या तालुक्यापर्यंत येण्याजोगें केलें; रोग्याला त्या औषधापर्यंत नेणें हें मात्र आपलें काम आहे. घोड्याच्या प्रथिनानें कांहींना एकाएकीं तीव्र त्रास होतो, यास्तव तें घरीं देतां येत नाहीं. दंश झाल्यास जखम कापूं नये, विष चोखूं नये, आवळून दोरी बांधूं नये, आणि भगताच्या उपचारांत वेळ दवडूं नये. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव लाकडी पट्टीच्या आधारानें स्थिर ठेवावा, त्यास चालूं न देतां उचलून वाहनांत घालावें व तात्काळ रुग्णालयांत न्यावें. ही गोष्ट प्रत्येकानें आज घरीं आईवडिलांस वाचून दाखवावी. कुपींतील औषध पांच वर्षें थांबूं शकतें, परंतु अंगांत भिनणारें विष क्षणभरही थांबत नाहीं.