सीझर: ट्रकवरची तोफ

विद्यार्थिनी: सर, ट्रकवर तोफ बसवली म्हणजे ती स्वचालित तोफ झाली का?

सर: झाली. स्वचालित तोफा दोन प्रकारच्या. एक रणगाड्यासारखी साखळीपट्ट्यांवर चालते; जर्मनीची पीझेडएच-२००० तशी आहे, वजन ५५ टनांहून जास्त. दुसरी चाकांवरची. चेकोस्लोव्हाकियाने १९७०च्या दशकातच टाट्राच्या आठ चाकी चेसिसवर १५२ मिलिमीटरची ‘दाना’ बनवली, पण तिला चिलखती बुरूज होता. फ्रान्सच्या सीझरने बुरूजच काढून टाकला आणि तोफ ट्रकच्या मागच्या भागावर उघडी बसवली. तिचा पहिला नमुना १९९४ साली लोकांसमोर आला, फ्रेंच सैन्यात ती २००८ मध्ये दाखल झाली. सहा चाकी ट्रकसकट तिचे वजन सुमारे १८ टन भरते.

विद्यार्थिनी: एवढ्या हलक्या गाडीवरून १५५ मिलिमीटरचा गोळा सोडला तर धक्क्याने गाडी उलटणार नाही?

सर: चाकांवर उभ्या असलेल्या गाडीवरून गोळा सोडतच नाहीत. मागे हायड्रॉलिक पायावर नांगराच्या फाळासारखा रुंद फाळ असतो. गाडी थांबली की तो जमिनीत रुततो आणि मागची चाके उचलली जातात. नळी मागे सरकताना धक्क्याचा मोठा भाग रिकॉइल यंत्रणा पचवते, उरलेला फाळातून जमिनीत जातो. नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरच्या थोडी वर. नळी लांब असली की जळत्या दारूचा वायू गोळ्याला जास्त वेळ ढकलतो. त्यामुळे योग्य गोळा वापरल्यास मारा सुमारे ४० किलोमीटरपर्यंत पोहोचतो.

विद्यार्थिनी: पण चिलखत नसेल तर तोफची वाचतील कसे?

सर: वेळेच्या हिशेबाने. गोळा हवेत असतानाच शत्रूचे रडार त्याचा मार्ग पकडते आणि उलट मोजत तोफेची जागा काढते. पण लांबच्या माऱ्यात गोळ्याला पोहोचायलाच मिनिटभर किंवा त्याहून जास्त लागते, आणि उलटून येणाऱ्या गोळ्यालाही तेवढाच वेळ. सीझर साधारण मिनिटभरात मांडली जाते, मिनिटाला सहा गोळे सोडू शकते आणि मिनिटाच्या आतच निघते. उत्तर येते तेव्हा ती जागा रिकामी असते. हे जमते ते गाडीतल्या जडत्वीय दिशादर्शक यंत्रणेमुळे. पूर्वी तोफेची नेमकी जागा आणि दिशा ठरवायला मोजणी करावी लागे. आता गाडी थांबताच दोन्ही संगणकाला ठाऊक असतात. या सगळ्या रचनेचा खरा पाया मला हाच वाटतो. चाकांचा वेग त्यानंतर.

विद्यार्थिनी: तोफची केबिनमध्येच बसून राहतात का?

सर: सीझरमध्ये त्यांना उतरावे लागते. गोळा यंत्र आत ढकलते, दारूचे भाग मात्र हाताने भरतात. स्वीडनच्या आर्चरमध्ये गोळे आपोआप भरले जातात, माणसे केबिनमध्येच राहतात. त्यासाठी गाडी जड आणि यंत्रणा गुंतागुंतीची झाली.

विद्यार्थिनी: युद्धात सीझर कितपत टिकली?

सर: अफगाणिस्तान, माली आणि इराकमध्ये ती वापरली गेली, पण खरी परीक्षा २०२२ पासून युक्रेनमध्ये झाली. डेन्मार्कने तर आपल्या सगळ्या १९ सीझर तिकडे देऊन टाकल्या. तिथे दोन उणिवा दिसल्या. चिखलात चाके साखळीपट्ट्यांपुढे कमी पडतात. दुसरी जास्त गंभीर: घिरट्या घालणाऱ्या ड्रोनसमोर वेळेचा हिशेब चालत नाही. ड्रोन गोळ्याचा माग काढत नाही, थेट गाडीच शोधतो. काही सीझर अशाच गमावल्या गेल्या. म्हणून आता लपण्याची जागाही मारा करण्याच्या जागेइतकीच काळजीपूर्वक निवडावी लागते.

विद्यार्थिनी: भारतात अशी तोफ आहे का?

सर: तयार केली आहे. पुण्याच्या एआरडीई संस्थेच्या पुढाकाराने एटीएजीएस ही १५५ मिलिमीटरची, ५२ कॅलिबरची तोफ आकाराला आली; ती ओढून न्यावी लागते. तिच्याच जातीची तोफ आठ चाकी ट्रकवर बसवण्याचे काम अहिल्यानगरच्या व्हीआरडीई संस्थेने केले. ओढायची एटीएजीएस एकटीच सुमारे १८ टनांची, म्हणजे ट्रकसकट सीझरएवढी. त्यामुळे भारतीय गाडी सीझरपेक्षा बरीच जड आहे.